छोट्या उद्योगासाठी कमी खर्चातला ऑफिस सर्व्हर : काकती परिसरातील सभासदांसाठी माहिती

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून काकती सर्वांना माहीत आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावरून जाणाऱ्याला मात्र ते शेड, फौंड्री आणि मालाने भरलेल्या टेम्पोंचे गाव म्हणून दिसते. काकती, होनगा, उद्यमबाग, मच्छे या पट्ट्यात आपल्या अनेक सभासदांचे छोटे उद्योग आहेत. कोणाकडे ओतकाम आहे, कोणाकडे सीएनसी मशीनवरचे जॉबवर्क, कोणी हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो. निपाणीकडचे काही सभासद व्यापारात आहेत. या सगळ्यांच्या ऑफिसचे चित्र साधारण एकच असते : शेडच्या कडेला काचेची खोली, तीन ते आठ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि टेबलाच्या खणात चार पेनड्राइव्ह.

अशाच एका ऑफिसात बिले करण्याचा कॉम्प्युटर महिन्याच्या दहा तारखेला बंद पडला. जीएसटीआर-१ भरण्याची मुदत अकरा तारीख. हार्डडिस्क गेली होती आणि टॅलीचा शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता. फाइलला लावलेल्या बिलांच्या छापील प्रती, जीएसटी पोर्टलवरची आधीची विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे समोर ठेवून चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. त्यात तीन आठवडे गेले. शिवाय कॅश क्रेडिट खात्याचे मासिक स्टॉक स्टेटमेंट वेळेत गेले नाही, त्याचा त्रास वेगळा. हिशेब जुळवायला आम्ही मदतीला बसलो होतो. त्यानंतर दोन-तीन सभासदांनी विचारले, की आपल्यासारख्या लहान माणसाला परवडेल अशी सोय कोणती? त्याचे उत्तर एका ठिकाणी असावे म्हणून हा लेख.

सर्व्हर म्हणजे काय

सर्व्हर हे यंत्राच्या जातीचे नाव नाही, कामाचे नाव आहे. ऑफिसातल्या सगळ्या फायली एका जागी ठेवायच्या, कोणाला कोणती फाइल उघडता येईल हे ठरवायचे आणि रोज त्यांची प्रत काढायची, एवढे काम जो कॉम्प्युटर चोवीस तास करतो तो आपला सर्व्हर. पूर्वी पेढीची किर्द-खतावणी रात्री तिजोरीत जात असे. लक्ष्मीपूजनाला त्याच वह्यांची पूजा होई. आता वही कॉम्प्युटरात गेली, पण कॉम्प्युटर रात्री टेबलावरच राहतो. वहीची तिजोरी पुन्हा उभी करणे, असा या सगळ्याचा सरळ अर्थ आहे.

हिशेबाइतकाच फायदा ड्रॉइंगच्या बाबतीत होतो. गिऱ्हाईक ड्रॉइंग बदलून पाठवतो. नवी फाइल एका कॉम्प्युटरवर उतरते आणि मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर जुनीच राहते. जुन्या मापाने दोनशे नग झाले की मालही गेला आणि मशीनचे तासही गेले. चालू ड्रॉइंग एकाच फोल्डरमध्ये असेल आणि सगळे तिथूनच उघडत असतील, तर ही चूक होण्याची शक्यता खूप कमी होते.

ज्यांच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे त्यांना सर्व्हर लागत नाही. त्यांनी पुढचा बॅकअपचा भाग वाचून दोन बाह्य डिस्का घ्याव्यात. दोनपेक्षा जास्त माणसे त्याच फायलींवर काम करू लागली की सर्व्हरचा विचार करावा.

कायद्याची बाजू

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळायचे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त काळ. कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशेबाचा बॅकअप असला पाहिजे आणि अपघाताने तो नष्ट झाला तर वाजवी वेळात परत मिळाला पाहिजे, हे जीएसटी नियम ५७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ खाली आठ आर्थिक वर्षांचे हिशेब लागतात. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आपल्याकडचे बरेच उद्योग मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत, त्यांना कंपनीचे नियम लागू नाहीत. जीएसटीचे मात्र आहेत. आपल्याला नेमके काय लागू आहे ते आपल्या सी.ए.ना एकदा विचारून लिहून ठेवावे.

चार पर्याय

*ऑनलाइन जागा भाड्याने घेणे.* दरमहा माणशी पैसे भरून फायली इंटरनेटवर ठेवता येतात. यंत्र सांभाळावे लागत नाही. पण इंटरनेट गेले की काम थांबते, आणि मोठ्या ड्रॉइंगच्या फायली उघडायला वेळ लागतो. भाडे कायमचे असते.

*तयार पेटी.* डिस्का बसवायच्या तयार पेट्या मिळतात, त्यांना नॅस म्हणतात. वापरायला सोप्या असतात, जागा कमी लागते. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर पाहणारे कोणीच नाही त्यांनी थोडे जास्त पैसे देऊन हाच पर्याय घ्यावा.

*कार्डाएवढा छोटा कॉम्प्युटर.* रास्पबेरी पाय स्वस्त आणि वीज कमी खाणारा आहे. पण तो बहुधा मेमरी कार्डावर चालवला जातो, आणि सतत लिहिण्याने व अचानक वीज जाण्याने ही कार्डे खराब होतात. शिकण्यासाठी उत्तम, हिशेबाच्या वह्यांसाठी आम्ही सुचवणार नाही.

*वापरलेला ऑफिस डेस्कटॉप.* या लेखात आम्ही हाच धरला आहे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टची नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांनी वापरलेले चांगले डेस्कटॉप बाजारात येत आहेत. तेच यंत्र लिनक्सवर आणखी काही वर्षे उत्तम चालते. कदाचित आपल्याच माळ्यावर असे एखादे पडलेले असेल.

यंत्र घेताना

फायली वाटण्याच्या कामाला फार ताकद लागत नाही. चार कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरते. पाहायचे ते वेगळेच. आत दोन मोठ्या डिस्का आणि एक छोटी एसएसडी बसायला जागा हवी. नेटवर्कचा पोर्ट गिगाबिटचा हवा. पॉवर सप्लाय कंपनीचा मूळ असावा. पंखे घरघरत नसावेत. वीज येताच यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असावी.

डिस्का मात्र नव्याच घ्याव्यात. यंत्र जुने चालेल, डिस्क जुनी चालणार नाही. छोट्या एसएसडीवर लिनक्स बसवायचे आणि दोन सारख्या डिस्कांवर आपल्या फायली ठेवायच्या. या दोन डिस्का एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून चालवता येतात. एकीवर लिहिले की त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क गेली तरी ऑफिस थांबत नाही. नवी डिस्क आणून लावायची आणि यंत्र तिच्यावर सगळे पुन्हा उतरवून घेते. शक्य असल्यास दोन डिस्का वेगवेगळ्या खरेदीतल्या असाव्यात, म्हणजे एकाच खोक्यातला दोष दोघींत येणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसला जातो.

वीज, वळीव आणि धूळ

आपल्या भागात सर्व्हरचे तीन शत्रू आहेत. पहिला वीज. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडतात, हेस्कॉमचा पुरवठा जातो-येतो आणि त्याच शेडमध्ये मोठ्या मोटारी सुरू-बंद होत असतात. म्हणून यूपीएस आधी, बाकीचे नंतर. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. सर्व्हर आणि स्विच मिळून ५० वॅट घेत असतील तर कागदावर दीड तासाहून जास्त वेळ निघतो. पण रूपांतरात वीज वाया जाते आणि बॅटरी जुनी होत जाते, तेव्हा अर्धा तास धरून चालावे.

यूपीएस घेताना त्याला यूएसबी केबलने सर्व्हरशी बोलता येते का, ते दुकानात विचारा. तशी केबल असेल तर बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः फायली मिटवून रीतसर बंद होतो. यासाठी लिनक्सवर नट नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, तो तापताना फार वीज ओढतो.

दुसरा शत्रू धूळ. फौंड्रीची वाळू आणि ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी पंख्यातून आत ओढली जाते. लोखंडाची भुकटी वीज वाहून नेते, त्यामुळे ती साध्या धुळीपेक्षा घातक. सर्व्हर शॉपफ्लोअरवर ठेवू नये. ऑफिसात, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, हवा खेळेल अशा कपाटात ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी बंद करून ब्लोअरने साफ करावा.

तिसरा पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेच्या पुराने निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्ग पाण्याखाली गेला होता, हे सर्वांना आठवत असेल. सखल जागी ऑफिस असणाऱ्यांनी सर्व्हर पहिल्या मजल्यावर न्यावा. काकतीला पुराची भीती कमी, पण पावसाळ्यात पत्र्याच्या सांध्यातून गळणारे पाणीही तेवढेच वाईट.

जोडणी

सर्व्हर आणि टेबलावरचे कॉम्प्युटर वायफायने जोडू नयेत, केबलने जोडावेत. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि कॅट-६ केबल पुरते. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत असावी आणि ती मोटारींच्या विजेच्या केबलपासून लांबून न्यावी. जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल तर तो बदला. दहा जीबीचा फोल्डर जुन्या स्विचवर जायला चौदा-पंधरा मिनिटे लागतात, गिगाबिटवर दीड-दोन मिनिटे. राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा एकच पत्ता नेमून द्यावा, नाहीतर एखाद्या सकाळी कोणालाच तो सापडत नाही.

सॉफ्टवेअर

विंडोजचाच एखादा कॉम्प्युटर फायली वाटायला ठेवता येतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीला एका वेळी २० यंत्रांपर्यंत परवानगी असते, आणि छोट्या ऑफिसला ती पुरते. विंडोज सर्व्हर घ्यायचा तर त्याचे आणि माणसागणिक परवान्यांचे पैसे भरावे लागतात. चोरून बसवलेली प्रत हिशेबाच्या यंत्रावर कधीही नको.

लिनक्सला परवान्याचा खर्च नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. डेबियन ही त्याची १९९३ पासून चालत आलेली भरवशाची आवृत्ती. विंडोजच्या कॉम्प्युटरना लिनक्सवरचे फोल्डर आपलेच वाटावेत यासाठी सांबा नावाचे सॉफ्टवेअर आहे. या दोन्हींच्या जोरावर जगभरातली असंख्य ऑफिसे चालतात.

ज्यांना आदेश टंकून काम करण्याची सवय नाही त्यांच्यासाठी ओपनमीडियाव्हॉल्ट सोयीचे आहे. ते डेबियनवरच उभे आहे, मोफत आहे, आणि एकदा बसवले की ऑफिसच्या कोणत्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून सगळी कामे करता येतात. क्रम असा ठेवावा :

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर चढवा.
२. मोठ्या डिस्का न जोडता ते छोट्या एसएसडीवर बसवा.
३. यंत्र बंद करून दोन्ही डिस्का जोडा आणि त्यांचे प्रतिबिंब तयार करा. मोठ्या डिस्कांना पहिल्या जुळणीला काही तास लागतात, तेवढे थांबा.
४. प्रत्येक माणसाचे वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड करा.
५. फोल्डर करा : हिशेब, बिले, ड्रॉइंग, पत्रव्यवहार, सर्वांसाठी.
६. प्रत्येक फोल्डरवर कोणाला वाचता येईल आणि कोणाला लिहिता येईल ते ठरवा.

सहावा मुद्दा घाईत सोडला जातो. मशीनवरच्या ऑपरेटरला ड्रॉइंग उघडता आले पाहिजे, पण बदलता येता कामा नये. पगाराचा फोल्डर दोघांपलीकडे कोणालाही दिसू नये. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

टॅलीबद्दल थोडे. हे सॉफ्टवेअर १९८६ पासून बेंगळूरमध्ये तयार होत आले आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत तेच आहे. ते विंडोजवर चालते. सर्व्हरवर त्याच्या माहितीचा फोल्डर ठेवायचा आणि टॅली टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालवायचे. सिल्व्हर परवाना एका कॉम्प्युटरचा असतो, अनेकांनी एकाच वेळी वापरायचे तर गोल्ड लागतो. माहिती हलवण्यापूर्वी आपल्या विक्रेत्याशी बोलून घ्यावे आणि जुनी प्रत निदान महिनाभर पुसू नये.

मराठी, कन्नड आणि फायलींची नावे

आपल्या ऑफिसात तीन भाषांचे कागद असतात. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी आणि कन्नड नावे लिनक्स व सांबा नीट सांभाळतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे व कन्नडचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. पत्राचा सगळा विषयच फाइलला नाव म्हणून देण्याची सवय असेल तर ती नक्कल करताना अडते. आधी तारीख, मग गिऱ्हाईकाचे लहान नाव, अशी पद्धत बरी.

दुसरी गोष्ट, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत. अशा महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ करून त्या सर्व्हरवर ठेवाव्यात. दहा वर्षांनी जमिनीच्या किंवा भागीदारीच्या कामात त्यांची गरज लागते, तेव्हा फॉन्ट शोधत बसावे लागू नये.

बाहेरचा धोका

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याने कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले. तो शिरला तो विंडोजच्या फायली वाटण्याच्या जुन्या पद्धतीतील एका दोषातून. त्या दोषावरची सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी दोन महिन्यांत ती बसवली नव्हती ते सापडले.

यातून तीन नियम निघतात. एक, सर्व्हरच्या आणि सगळ्या कॉम्प्युटरच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवा. दोन, घरून काम करता यावे म्हणून राउटरमध्ये सर्व्हरकडे थेट दार उघडू नका. तशी गरज असेल तर वायरगार्डसारखे व्हीपीएन जाणकाराकडून बसवून घ्या. तीन, ऑफिसात येणाऱ्यांना वायफाय द्यायचे तर राउटरमधले पाहुण्यांचे वेगळे जाळे द्या. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे; पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

बॅकअप

शाखेत कॉम्प्युटर नवे होते त्या काळातली ही गोष्ट. रोज दिवसअखेर झाली की कार्ट्रिजवर बॅकअप घ्यायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची, अधिकाऱ्याने सही करायची. सह्या आमच्याच होत्या. एका सकाळी डिस्क बंद पडली. आदल्या दिवशीचे कार्ट्रिज लावले, ते वाचले गेले नाही. त्याच्या आधीचेही नाही. आठवडाभराची रजिस्टरमधली नोंद चोख होती आणि कार्ट्रिजवर काहीच उतरलेले नव्हते. बॅकअप घेण्याचा नियम आम्ही पाळत होतो, तो परत उतरवून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. व्हाउचर समोर ठेवून सगळ्यांनी दोन रात्री जागून नोंदी केल्या. सही करताना आपण नेमके कशावर सही करतो, हे त्या रात्री कळले.

म्हणून बॅकअपची पद्धत अशी ठेवावी. एकूण तीन प्रती : एक सर्व्हरवर, दोन बाहेरच्या डिस्कांवर. त्यांतली एक नेहमी ऑफिसच्या बाहेर. दोन बाह्य डिस्का घेऊन त्यांच्यावर 'अ' आणि 'ब' लिहा. एका आठवड्यात 'अ' ऑफिसात आणि 'ब' मालकाच्या घरी, पुढच्या आठवड्यात उलट. अदलाबदल शनिवारी करावी. घरी नेलेली डिस्क कोणत्याही कॉम्प्युटरला जोडलेली नसते, म्हणून विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ऑफिसला आग लागली तरी ती शाबूत राहते.

प्रत रोज रात्री आपोआप निघावी, माणसाच्या आठवणीवर अवलंबून नसावी. रेस्टिकसारखे मोफत सॉफ्टवेअर फक्त बदललेला भाग उचलते, जुन्या तारखांच्या प्रती राखते आणि सगळे पासवर्डखाली कुलूपबंद करते. त्यामुळे डिस्क वाटेत हरवली तरी परक्याला वाचता येत नाही. तोच पासवर्ड आपण हरवला तर आपल्यालाही वाचता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. रात्रीच्या प्रतीपूर्वी टॅली सगळीकडे बंद केलेले असावे, कारण चालू असताना उचललेली माहिती अर्धवट राहू शकते.

आणि महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, बॅकअपमधून एक बिल, एक ड्रॉइंग आणि टॅलीची पूर्ण माहिती वेगळ्या कॉम्प्युटरवर परत उतरवून उघडून पाहावी. शेवटच्या बिलाचा क्रमांक जुळला पाहिजे. त्यानंतरच रजिस्टरमध्ये सही करावी.

किल्ल्या कोणाकडे

बँकेत तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवतात. सर्व्हरलाही तीच शिस्त हवी. बहुतेक ठिकाणी पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो, आणि तो पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा असतो किंवा फोन न उचलणारा मेकॅनिक. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, बॅकअपचा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, कोणती डिस्क कधी घेतली आणि बिघाड झाल्यास काय करायचे, हे एका कागदावर लिहावे. कागद पाकिटात घालून, जोडावर सही करून, एक प्रत घरच्या कपाटात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला, पत्नीला किंवा भावाला, पाकीट कुठे आहे ते सांगून ठेवावे. मालकावर अचानक प्रसंग आला तर येणी-देणी कुटुंबाला कळायला हवीत. हा विषय काढायला जड जातो, पण निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत आम्ही अशी कुटुंबे काउंटरसमोर उभी पाहिली आहेत.

खर्चाचा अंदाज

पाच-सहा कॉम्प्युटरच्या ऑफिससाठी आम्ही असा अंदाज धरतो :

वापरलेला डेस्कटॉप, ८ जीबी रॅमसह : १० ते १४ हजार रुपये
छोटी एसएसडी : २ ते अडीच हजार
दोन नव्या डिस्का : ८ ते १२ हजार
यूपीएस : ३ ते ४ हजार
गिगाबिट स्विच : दीड ते २ हजार
केबल व जोडणी : २ हजार
दोन बाह्य डिस्का : ९ ते १२ हजार

एकूण साधारण ३५ ते ५० हजार. डिस्का आणि रॅमचे भाव वरचेवर बदलतात, तेव्हा दोन ठिकाणची लेखी कोटेशन घ्यावीत आणि जीएसटीचे बिल मागावे. पैसे कमी पडत असतील तर डेस्कटॉप आणखी जुना घ्या; यूपीएस आणि बाह्य डिस्का गाळू नका. चालू खर्च फार नाही. यंत्र सरासरी ३५ वॅट घेत असेल तर महिन्याला सुमारे २५ युनिट होतात. आठ रुपये युनिट धरले तर दोनशे रुपये.

रजिस्टर

शंभर पानी वही सर्व्हरजवळ ठेवावी.

रोज : रात्रीचा बॅकअप झाला का, ते सकाळी पाहून टिक करणे.
दर शनिवारी : 'अ' आणि 'ब' डिस्कांची अदलाबदल, सुधारणा बसवणे.
दर महिन्याला : बॅकअप परत उतरवून पाहणे; दोन्ही डिस्का निरोगी आहेत का ते तपासणे.
दर तीन महिन्यांनी : साफसफाई; यूपीएसचा प्लग काढून सर्व्हर किती वेळ चालतो आणि नीट बंद होतो का ते पाहणे.
दर वर्षी, मार्चअखेरीनंतर : संपलेल्या वर्षाची वेगळी प्रत काढून त्यावर वर्ष लिहून ठेवणे; खाती आणि परवानग्या पुन्हा पाहणे.

सर्व्हर बसवायला जाणकार माणूस दोन दिवसांत मोकळा होतो. त्यानंतरचे काम वही सांभाळण्याचे आहे आणि त्याला इंजिनिअर लागत नाही. ज्या सभासदांना अशी वही सुरू करायची आहे, पण तिचे रकाने कसे आखावेत हे समजत नाही, त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात यावे. आम्ही पट्टी-पेन्सिल घेऊन तिथे असतो.